सीच्या पोटातला बाण: कॅनडाच्या जुन्या लष्करी रायफलींवरचे ठसे कसे वाचायचे

शेजारच्या आजोबांनी गॅरेजमधल्या टेबलावर जुनं ब्लँकेट अंथरलं आणि त्यावर रायफल आडवी ठेवली. "बाबांची," म्हणाले. बाबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, ऑर्टोनाच्या लढाईत, आणि तिथे त्यांच्या हातात हीच होती, असं त्यांच्या घरी सगळे मानतात. "तुला जुन्या वस्तूंचं वेड आहे ना? मग यावर काय काय लिहिलंय ते वाचून दाखव. माझे डोळे आता चालत नाहीत."

आम्ही मिसिसागात राहतो, टोरांटोला लागून. माझ्याकडे बंदुकीचा परवाना नाही, त्यांच्याकडे आहे. म्हणून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, त्यांनीच काढून बाजूला ठेवला, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याचं दोनदा दाखवलं, आणि मी हात मागे बांधून फक्त बघत होतो. ठसे वाचायची पहिली युक्ती अगदी साधी आहे. दिवा वरून धरायचा नाही. मोबाइलचा टॉर्च लोखंडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारायचा. सपाट, काळपट दिसणाऱ्या पत्र्यावर मग अक्षरांच्या सावल्या पडतात. शिलालेख वाचणारे तिरप्या उन्हात का वाचतात, ते इथे कळतं. खडू, टूथपेस्ट, पितांबरी यातलं काहीही चोळू नका. ठसा उठून दिसेलही, पण शंभर वर्षांचा मुलामा जाईल आणि वस्तूची किंमत निम्म्यावर येईल.

टॉर्च फिरवल्यावर पहिल्यांदा दिसलं ते इंग्रजी सी अक्षर आणि त्याच्या पोटात वर टोक केलेला बाण. तीन रेघांचा, कोंबडीच्या पावलासारखा.

या बाणाची कुळकथा कॅनडापेक्षा कितीतरी जुनी. ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीची ही खूण. तोफा-बंदुकांचा कारभार पाहणारं ऑर्डनन्स बोर्ड आपल्या प्रत्येक वस्तूवर ती उमटवायचं. अमेरिकेतल्या वसाहतींच्या जंगलात जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवलेल्या उंच पाइन झाडांवर कुऱ्हाडीने हाच बाण घालत. लष्करी जमिनीच्या हद्दीच्या दगडांवर तोच, कैद्यांच्या कपड्यांवरही तोच. मतलब एकच: हा माल सरकारी आहे, हात लावाल तर याद राखा.

पुढे साम्राज्यातल्या देशांनी आपापली सैन्यं उभी केली, तेव्हा नुसत्या बाणाने भागेना. मग ज्याने त्याने त्यात आपलं अक्षर घातलं. कॅनडाने बाणाभोवती सी काढला. दक्षिण आफ्रिकेने 'युनियन'चा यू घेतला आणि बाण त्याच्या आत ठेवला. ऑस्ट्रेलियाने बाणाच्या दोन्ही बाजूंना डी लावला, न्यूझीलंडने एका बाजूला एन आणि दुसऱ्या बाजूला झेड. हिंदुस्थानच्या मालावर बाणाखाली आय यायचा. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाचं बूड पाहिलं, तर के आणि एफच्या मध्ये हाच बाण सापडतो. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला ही खूण वाटते तितकी परकी नाही.

घोटाळा होतो तो झिजलेल्या ठशात. दस्त्याच्या लाकडावरचा सी एका बाजूने घासला गेला की यूसारखा दिसतो, आणि यू आडवा पाहिला की सीसारखा. अशा वेळी बाणाकडे बघायचं. सीचं उघडं तोंड बाणाच्या बाजूला असतं, यूचं उघडं तोंड बाणाच्या टोकाकडे.

आता मुख्य गोष्ट, जिथे बहुतेक लोक फसतात. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत आहे. आमच्या घरी एक मोठं पातेलं आहे, त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय: 'चि. सुधाकर यांस मौंजीप्रीत्यर्थ'. आमच्या घरात सुधाकर नावाचं कोणीच कधी नव्हतं. कुठल्यातरी कार्यात पातेल्यांची अदलाबदल झाली आणि सुधाकरचं पातेलं आमच्याकडे राहिलं. आता त्या नावावरून पातेलं कुणाचं होतं ते कळतं. ते कुणी घडवलं, हे त्या नावावरून कळत नाही. सीमधला बाण म्हणजे असंच भांड्यावरचं नाव. 'ही वस्तू कॅनडा सरकारची' एवढंच तो सांगतो. वस्तू कॅनडात बनली, असं तो म्हणत नाही.

पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांनी वापरलेल्या हजारो रायफली इंग्लंडमध्ये बनलेल्या होत्या. दस्त्यावर ठळक सी-बाण, पण बोल्टच्या मागे, दस्ता जिथे लोखंडात बसतो त्या पट्टीवर मुकुट, राजाची जी आणि आर ही अक्षरं, एन्फिल्ड हे कारखान्याचं नाव आणि साल. बनवणारा त्या पट्टीवर असतो, मालक लाकडावर. दोन्ही वाचल्याशिवाय बोलू नये.

उलटा घोटाळाही आहे. अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनसाठी लाखो 'नंबर चार' रायफली बनवल्या, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या ली-एन्फिल्ड रायफलीची त्या काळची आवृत्ती, मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्स गावात. त्यांच्या क्रमांकात मध्ये सी हे अक्षर येतं. लोकांना वाटतं सी म्हणजे कॅनडा. तो सी चिकोपीचा! शेजारीच 'यूएस प्रॉपर्टी' असा ठसा असतो आणि सुट्या भागांवर चौकोनातला एस. कॅनडात बनलेल्या नंबर चारच्या क्रमांकात सी नसतो, एल असतो, टोरांटोजवळच्या लाँग ब्रँच कारखान्याचा एल. आधी एक-दोन आकडे, मग एल, मग चार आकडे. सुट्या भागांवर एल आणि बी एकमेकांत गुंफलेले.

खरी गंमत मात्र रॉसची.

बोअर युद्धाच्या वेळी कॅनडाला ली-एन्फिल्ड रायफली हव्या होत्या. ब्रिटनला स्वतःलाच पुरत नव्हत्या, कॅनडाला देणार कुठून? त्या वेळी सर चार्ल्स रॉस नावाचा स्कॉटिश सरदार आपली रायफल घेऊन पुढे आला. १९०२ मध्ये १२,००० रायफलींचा करार झाला आणि क्यूबेक शहरात, अब्राहमच्या पठारावर, कारखाना उभा राहिला. बोल्ट उचलून वळवायचा नाही, सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. निशाणेबाजीच्या मैदानावर हे यंत्र घड्याळासारखं चालायचं. ऑर्टोनाच्या आधीच्या पिढीतला नामांकित स्नायपर फ्रान्सिस पेगामागाबो, ओजिबवे समाजातला, याच रॉसने लढला.

खंदकातल्या चिखलात मात्र तिचं सोंग उघडं पडलं. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत रॉस अडकायला लागल्या. कॅनडाची काडतुसं बारीक मापाची आणि चोख असायची, ब्रिटिश काडतुसं थोडी ढिल्या मापाची. रॉसचं चेंबर घट्ट. गरम झालेल्या नळीत ब्रिटिश काडतूस रुतून बसायचं आणि सैनिक बोल्टवर बुटाने लाथा मारायचे. त्यात बोल्टच्या शेवटच्या आट्याचं टोक मागच्या अडसरावर आपटून आपटून चेपायचं, मग बोल्ट आणखीच जड व्हायचा. कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनने त्याच उन्हाळ्यात रॉस टाकून ली-एन्फिल्ड घेतल्या. संरक्षणमंत्री सॅम ह्यूज रॉसचे कट्टर पाठीराखे. ते १९१६ मध्ये पायउतार झाले, आणि १९१७ मध्ये सरकारने कारखानाच ताब्यात घेतला.

ही सगळी भानगड ठशांत उतरली आहे. रॉसच्या नळीवर मागच्या टोकाला एल आणि सी अशी दोन अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ 'लार्ज चेंबर'. म्हणजे ईप्रच्या तक्रारींनंतर चेंबर आतून कोरून मोठं केलेलं आहे. कधी नुसता ई असतो, तोही 'एनलार्ज्ड' म्हणजे वाढवलेल्याचाच. दोन अक्षरांत एका फजितीची कबुली आहे, आणि मला वाटतं सरकारी कागदावर ती इतक्या थोडक्यात कुठेच सापडणार नाही.

रॉसचा दस्ता उजव्या बाजूने नीट पाहायचा. तिथे लाकडात कंपनीचा गोल शिक्का असतो, कंपनीचं नाव आणि क्यूबेक, कॅनडा, सोबत मार्क म्हणजे आवृत्ती. त्याच्या आसपास सी-बाण, दुरुस्तीच्या तारखा, पलटणींची आद्याक्षरं आणि क्रमांक. आणि ही गोष्ट खरेदीदारांना फार उशिरा कळते: लष्करी रॉसचा क्रमांक मुख्यतः या लाकडावरच असतो. ली-एन्फिल्डसारखा लोखंडात ठोकलेला नसतो. म्हणजे कुणी हौशी माणसाने दस्ता पॉलिशपेपरने घासून, वॉर्निश लावून लखलखीत केला की रायफलचा जन्मदाखलाच पुसला गेला. असे दस्ते पाहिले की जीव तळमळतो. लाकूड देखणं, चकचकीत, आणि मुकं.

त्याच लाकडावर कधी चाप-कड्याच्या मागे यू आणि एस, आणि ज्वाळा उडणारा बॉम्बगोळा दिसतो. ही अमेरिकन नोंद. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे कवायतीला पुरेशा रायफली नव्हत्या. तिने कॅनडाकडून २०,००० जुन्या मार्क दोन रॉस विकत घेतल्या आणि आपला शिक्का मारला. सातबाऱ्यावर फेरफार चढतात तसे हे ठसे एकावर एक चढलेले असतात. आधीचं नाव कुणी खोडत नाही, पुढचं खाली लागतं.

फेरफाराची शेवटची नोंद म्हणजे दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर, लांबून चांदणीसारखे दिसणारे. ब्रिटिश पद्धतीत याचा अर्थ माल सरकारी मालकीतून रीतसर बाहेर पडला, विकला गेला. हा ठसा दिसला की चोरीचा संशय मिटतो. तो नसला म्हणून माल चोरीचाच, असं मात्र नाही. पुष्कळदा कुणी तो मारायची तसदीच घेतली नाही.

रॉसबद्दल एक धोक्याची सूचना इथेच देऊन टाकतो. मार्क तीनच्या बोल्टचं डोकं चुकीच्या फेऱ्याने बसवता येतं. बोल्ट आत जातो, बंद झाल्यासारखा दिसतो, पण पक्का बसलेला नसतो. गोळी सुटली की तो मागे, थेट चेहऱ्यावर येतो. हे टाळायला पुढे काही बोल्टांना रिव्हेट ठोकला. वारशात आलेली रॉस जाणकार कारागिराने तपासल्याशिवाय कधीही उडवू नये. तसंच कुठल्याही रायफलवर डी आणि पी दिसले तर ती 'ड्रिल पर्पज', फक्त कवायतीसाठी. तिच्या नळीला कधी कधी भोकंही पाडलेली असतात. तिच्यात काडतूस भरण्याचा विचारही नको.

रॉसच्या आधीचं थोडक्यात. १८६७ मध्ये कॅनडाचं संघराज्य झालं त्या सुमाराला तिथल्या मिलिशियाकडे स्नायडर-एन्फिल्ड रायफली होत्या, .५७७ इंचाच्या जाड नळीच्या. त्यांच्यावर डी आणि सी अशी अक्षरं मिळतात, 'डोमिनियन ऑफ कॅनडा'ची. सी-बाणाच्या आधीची ही मालकीची खूण. आणि 'अँटिक' हा शब्द कॅनडाच्या कायद्यात खऱ्या अर्थाने लागू होतो तो अशाच बंदुकांना. कायद्याने १८९८ च्या आधी बनलेली आणि काही ठरावीक प्रकारची काडतुसं वापरणारी बंदूकच अँटिक धरली जाते. दुकानाच्या पाटीवर 'अँटिक' लिहिलेली रॉस कायद्याच्या लेखी साधी रायफलच, आणि तिला परवाना लागतोच.

आता खोट्या ठशांकडे. सी-बाणाने किंमत चढते, त्यामुळे तो खोटा मारणारेही आहेत. सगळ्यात जास्त खोटेपणा विंचेस्टर ९४ या शिकारी रायफलीवर चालतो. १९४२ मध्ये ब्रिटिश कोलंबियात पॅसिफिक कोस्ट मिलिशिया रेंजर्स उभे राहिले. लाकूडतोडे, कोळी, पारधी, जंगल पायाखालचं असणारी माणसं. जपानी सैन्य किनाऱ्यावर उतरलंच तर नजर ठेवायला. लष्कराच्या रायफली युरोपात लागत होत्या, म्हणून सरकारने दुकानात मिळणाऱ्या विंचेस्टर ९४ आणि मार्लिन ३६ विकत घेतल्या आणि लोखंडावर, लाकडावर सी-बाण ठोकला. साधी विंचेस्टर आणि रेंजर्सची विंचेस्टर यांत फरक तो काय, ठशाचा. मग मोह होणारच.

खरा ठसा लोखंडात हातोडीने मारलेला असतो. धातू कुठे जाणार? तो कडेला सरकतो. म्हणून खऱ्या ठशाच्या रेघेला बारीक ओठ असतो, नख फिरवलं तर लागतो, जुन्या मालावर तो ओठ वापराने गुळगुळीत झालेला असतो. मशीनने कोरलेल्या ठशात धातू उडून गेलेला असतो, ओठ नसतो, तळ सपाट आणि सगळीकडे सारख्या खोलीचा. लाकडातही तसंच. ठोकलेल्या ठशात लाकडाचे तंतू दबतात, तुटत नाहीत. कोरलेल्यात तंतू कापलेले दिसतात. आणखी एक साधी खूण: भोवतीचं लाकूड ओरखड्यांनी भरलेलं आणि ठसा तेवढा कोरा करकरीत असेल, तर ठसा त्या ओरखड्यांच्या नंतरचा. ओरखडा ठशावरून जातोय की ठसा ओरखड्यावर बसलाय, एवढं भिंगातून पाहिलं की निम्मे खोटे माल तिथेच उघडे पडतात.

आता टेबलावरच्या रायफलीकडे.

डाव्या बाजूच्या लोखंडी भिंतीवर टॉर्च मारल्यावर अक्षरं उमटली: नंबर चार, मार्क एक, पुढे चांदणी, आणि मग लाँग ब्रँच, १९४४. आजोबांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसले. लाँग ब्रँचचा तो कारखाना म्हणजे आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटं. स्मॉल आर्म्स लिमिटेड ही सरकारी कंपनी १९४० मध्ये स्थापन झाली, १९४१ मध्ये रायफली बाहेर पडू लागल्या आणि युद्ध संपेपर्यंत नऊ लाखांच्या घरात गेल्या. हजारो कामगार, त्यात निम्म्याहून जास्त बायका. लेकशोर रोडवरची त्यांची तपासणीची इमारत अजून उभी आहे. तिथे आता कलेचे कार्यक्रम होतात.

आणि ती चांदणी? ती शोभेची नाही. ब्रिटिश पद्धतीत आवृत्तीपुढे चांदणी म्हणजे आधीच्या बनावटीत छोटा बदल. मूळ मार्क एकमध्ये बोल्ट काढायला एक दाबायची कळ होती. चांदणीवाल्यात ती कळ काढून टाकली आणि बोल्टचं डोकं जिथून सरकतं त्या पट्टीला एक खाच पाडली. एक भाग कमी, घडवायला सोपं, वेळ वाचला. युद्धाच्या घाईत एक कळ वगळली, त्याची नोंद ती चांदणी. सी-बाण होता. दोन झेंडे एकमेकांवर ओलांडलेले आणि त्यात डी, सी, पी, तेही होतं. म्हणजे 'डोमिनियन ऑफ कॅनडा प्रूफ', जादा दाबाचं काडतूस उडवून नळीची घेतलेली परीक्षा.

मी १९४४ वर थांबलो. ऑर्टोनाची लढाई डिसेंबर १९४३ ची. कॅनडाची पहिली डिव्हिजन मोरो नदी ओलांडून ऑर्टोनाच्या गल्ल्यांत शिरली, आणि तिच्या डाव्या हाताला आपली आठवी भारतीय डिव्हिजन लढत होती, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. खांद्याला खांदा लावून, एकाच मापाची काडतुसं वापरत. ही रायफल त्या वेळी जन्मलीही नव्हती.

सांगावं की नाही, अशा विचारात मी टॉर्च नळीकडे नेला, तर तिथे आणखी बारीक अक्षरं. मुकुट, त्याखाली बी, एन, पी. पुढे .३०३, २.२२२ इंच, साडेअठरा टन. हा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा ठसा. २.२२२ ही काडतुसाच्या पितळी कवचाची इंचातली लांबी आणि साडेअठरा टन म्हणजे चौरस इंचावर सोसायचा दाब. ब्रिटनच्या कायद्याने लष्करातून निघालेली बंदूक खासगी बाजारात विकायची तर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहातून जावीच लागते. लष्करात वाटल्या जाणाऱ्या रायफलीला हा ठसा लागत नाही. हा ठसा व्यापाऱ्याच्या मालाचा. काही परदेशी बनावटीच्या बंदुकांवर तर 'नॉट इंग्लिश मेक' असंही ठोकून ठेवलेलं सापडतं, अगदी इंग्रजी नाक मुरडून.

म्हणजे ठशांचा क्रम असा लागला. लेकशोर रोडवर बनली, १९४४ मध्ये. कॅनडाची झाली. समुद्र ओलांडून इंग्लंडला गेली. युद्धानंतर जादा ठरलेला माल म्हणून व्यापाऱ्याला विकली गेली, बर्मिंगहॅममध्ये पुन्हा तपासली, आणि परत समुद्र ओलांडून कॅनडाच्या बाजारात आली. पन्नास-साठच्या दशकात अशा जुन्या ली-एन्फिल्ड इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत स्वस्तात मिळायच्या. शेतकरी आणि शिकारी त्यांचा पुढचा दस्ता कापून हलक्या करून घ्यायचे. ही कापलेली नव्हती, हे नशीब.

मी आजोबांना सगळं सांगितलं, साल आधी आणि बर्मिंगहॅम नंतर. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा ऑर्टोनाला होते, हे तर खरं ना?" ते खरं होतं, त्यांच्याकडे बाबांची सैन्यातली कागदपत्रं होती, तारखांसकट. रायफलीने त्याला धक्का लावला नव्हता. मी तसं म्हणालो.

"मग ही आम्ही दुकानातून आणली असणार. आई नेहमी म्हणायची की बाबांनी एका शनिवारी घरखर्चाचे पैसे बंदुकीवर उडवले. आम्हाला वाटायचं ती दुसऱ्या कुठल्यातरी बंदुकीबद्दल बोलतेय." बोल्ट पुसता पुसता ते स्वतःशीच हसले. मग रायफल कुलूपबंद कपाटात ठेवता ठेवता म्हणाले, त्यांची धाकटी बहीण व्हँकूवरला असते, तिच्या सासरच्यांची एक विंचेस्टर आहे, आणि तिच्यावर सी-बाण आहे म्हणे. मी म्हटलं, आधी ठशाचे जवळून फोटो मागवा. टॉर्च बाजूने मारून.